लॉकवूड अँड कंपनी: ‘पोरांची भुताटकी’ म्हणणाऱ्यांना जरा सविस्तर उत्तर

मंजिरी_ठाणे

परवा ‘सध्या काय वाचताय’ या धाग्यावर निशाचर यांनी जोनाथन स्ट्राउडच्या ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’चा, म्हणजे ‘लॉकवूड अँड कंपनी’ मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाचा, निकाल चार ओळींत लावून टाकला. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी इथे डकवते: “तलवारी घेऊन भुतांमागे पळणारी शाळकरी पोरं. रहस्य अर्ध्यातच कळतं. भीती कुठेच वाटली नाही. पोरांची भुताटकी पोरांना वाचू द्या, चाळिशी गाठलेल्यांनी तिचं कौतुक करणं शोभत नाही.” खाली टाळ्यांचा पाऊस.

मी चाळिशी गाठलेली आहे, मला हे पुस्तक आवडलेलं आहे, आणि काय शोभतं ते ठरवायचं खातं निशाचर यांच्याकडे कधी गेलं ते मला कळलेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी मुख्य मुद्दा. ही मालिका वाचकाला धरून ठेवते ती भुतांच्या जोरावर नाही. मोठ्या माणसांच्या जोरावर. स्ट्राउडच्या इंग्लंडमध्ये गेली पन्नासेक वर्षं मेलेली माणसं रात्रीची परत येतायत. अंधार पडला की संचारबंदी, रस्त्यांवर भुतांना पिटाळणारे दिवे, दारांखिडक्यांना लोखंड आणि लॅव्हेंडर. आणि जे येतं ते मोठ्यांना धड दिसतच नाही. गारठा लागतो, जीव घाबरा होतो, तेवढंच. स्पष्ट दिसतं, ऐकू येतं ते मुलांना, आणि वय वाढलं की त्यांचंही जातं. मग रात्री त्या घरांत शिरायचं कुणी? मुलांनी. आणि कुठल्या खोलीत शिरायचं, कधी बाहेर पडायचं, हे ठरवायचं कुणी? ज्यांना आता काही दिसत नाही त्यांनी.

गोष्ट सांगणारी ल्यूसी लंडनला येण्याआधीचं विथबर्न मिलचं प्रकरण आठवा. ती सांगतेय की आत काहीतरी वेगळं आहे, आपण समजलो तसलं हे नाही. तिचा सुपरवायझर जेकब्स ऐकून घेत नाही. स्वतः आत जायची हिंमत नाही आणि पोरांना माघारी बोलवायची तयारी नाही. बरोबरीची पोरं मरतात. चौकशी बसते. जेकब्स सुटतो. मला त्या प्रसंगात भुतांचं काही वाटलं नाही. जेकब्सचं वाटलं, आणि पुस्तक बंद करून पाणी प्यायले. पुढे ३५, पोर्टलंड रो इथल्या त्या घराची जी भूल पडते ती इथूनच: लॉकवूड, जॉर्ज आणि ल्यूसी अशी तीन पोरं, भुतं हटवायची स्वतःची एजन्सी, आणि डोक्यावर एकही मोठा माणूस नाही.

आता रहस्य. शीन रोडवरच्या घरात धुराड्याच्या भिंतीत अ‍ॅनाबेल वॉर्ड सापडते. पन्नास वर्षांपूर्वी मारून चिणलेली. साक्षीदार एकच, ती स्वतः, आणि ती मेलेली. तिचं दुःख आणि राग येतो तो एकट्या ल्यूसीच्या कानावर. हे कुठल्या पोलिसाला सांगणार आणि काय पुरावा दाखवणार? भूत हा पुरावा आहे पण चौकीत नेता येत नाही. मला हा पेच फार आवडला.

आणि तो टेबलक्लॉथ! स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं पांढरं कापड. त्याच्यावरच तिघं टिपणं काढतात, नकाशे काढतात, एकमेकांना टोमणे लिहितात, वर चहाचे डाग. बिस्किटं कुणी कधी घ्यायची याचे जॉर्जचे कडक कायदे. रात्री मरणाच्या दारातून आलेली पोरं सकाळी बिस्किटावरून भांडतात. मला ते घर हवं होतं, तेरा वर्षांची असताना. चाळिशीतही हवंय. शोभत नसेल तर नसेल.

निशाचर

ताई, माझ्या चार ओळींवर एवढी शाई खर्च केलीत, भरून पावलो.

पण भीती न वाटणारी भुताची गोष्ट चांगली असते हे पटवायला तुम्हाला बिस्किटांपर्यंत जावं लागलं, यातच काय ते आलं.

वयाचा टोमणा सोडा. माझी खरी तक्रार नियमांची आहे. पहिल्या प्रकारचं भूत, दुसऱ्या प्रकारचं भूत. कमरेच्या पट्ट्याला मीठ, लोखंडाचा कीस, मॅग्नेशियमच्या फ्लेअर. भूत ज्याला चिकटलंय तो ‘सोर्स’ शोधा, त्याच्यावर चांदीची जाळी टाका, बिल पाठवा. याला भूत म्हणायचं? डासांची फवारणी झाली ही. एम. आर. जेम्सचा पहिला भूतकथासंग्रह १९०४ चा. त्यात एका गोष्टीत रिकाम्या पलंगावरची चादर उठून बसते. बस्स. ती कुठल्या प्रकारची, तिला मीठ चालतं का, कुणी सांगत नाही. म्हणूनच ती इतक्या वर्षांत डोक्यातून गेलेली नाही.

आणि रहस्य म्हणाल तर काय सांगू. शीन रोडचं ते घर जाळल्याबद्दल साठ हजार पौंडांचा दावा डोक्यावर, आणि नेमका तेव्हा एक म्हातारा लोखंडसम्राट आपण होऊन या फाटक्या एजन्सीकडे येतो. बक्कळ पैसे देतो. वर अटी घालतो: लगेच या, आणि माझ्या हवेलीत फ्लेअर आणायच्या नाहीत. फेअरफॅक्सनेच त्या मुलीला मारलं हे कळायला ल्यूसीचे कान कशाला हवेत?

उगाच_आलो

अहो!!! माझं पुस्तक निम्मं झालंय!!!

निशाचर

पुस्तक २०१३ चं आहे. माझ्यावर अजून किती वर्षं मौनव्रत?

उगाच_आलो

“पुढे रहस्यभेद आहे” एवढं लिहायला किती वर्षं लागतात? संपादक आहेत का कुणी जागेवर?

कोकणकडा

उगाच_आलो यांच्या दुःखात सहभागी आहे. पण निशाचरसाहेब, नियम नसलेली भुतं साहेबाच्या देशात असतील. आमच्याकडे भूत सांगायचं म्हणजे आधी नियमच सांगतात. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. पाण्यातला तो गिऱ्हा. त्याचा केस हाती लागला आणि मांडी चिरून आत लपवला तर तो घरचा गडी, आणि केस परत सापडला की सगळा हिशोब व्याजासकट. रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड.

आता या लोखंडाचंच सांगतो. माझी आजी देवरूखकडची. धाकट्या आत्याच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत ठेवायला अडकित्ता सापडेना. भर पावसात, कंदील घेऊन, अर्धं घर अडकित्ता शोधतंय. शेवटी आजोबांनी गोठ्यातला कोयता आणून टेकवला, त्याला चिखल. सुईण म्हणाली हा धुतल्याशिवाय माझ्या बाळंतिणीजवळ यायचा नाही. आजी म्हणाली धुवायला बाहेर नेलात तर तेवढ्या वेळात काय झालं म्हणजे? आतून कळा, बाहेर कोयत्यावरून भांडण. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या आवाजात जी भीती असायची ती हडळीची नव्हती. लोखंड विसरल्याची होती.

तेव्हा नियमाने भीती मरते हे मला मान्य नाही. नियम पाळायचा राहून जाईल ही जी भीती आहे ती फार वाईट. ल्यूसी अंधारात लोखंडी साखळीचं कडं मांडते तेव्हा मला आजीच आठवते. साखळीची टोकं जुळलीयत ना, एवढंच बघत मी ते पान वाचतो.

एक गंमत मात्र आहे. स्ट्राउडच्या भुतांना वाहतं पाणी ओलांडता येत नाही. आमच्याकडे साती आसरा पाण्यातच वस्तीला. ती लंडनची पोरं भुताला चुकवायला कोकणातल्या एखाद्या पऱ्ह्यात उतरली तर आटोपलंच. आणि तिथे रात्री पोरं गस्त घालतात. आमच्याकडे देवचार आणि वेतोबा घालतात, चालून चालून चपला झिजतात म्हणून लोक त्यांना नव्या वाहतात. म्हणजे आमची भुतं नोकरीला आहेत.

आरवलीकर

शेवटचं वाक्य मागे घ्या. वेतोबा भूत नाही.

कोकणकडा

अहो, गंमत होती. पण वेतोबा हे वेताळाचंच रूप आणि वेताळ भुतांचा राजा, हे काही मी शोधून काढलेलं नाही.

आरवलीकर

आयुक्ताचा रोज चोरांशी संबंध येतो म्हणून आयुक्त चोर ठरत नाही. वेतोबा गावाचा देव. भुतं त्याच्या धाकात असतात म्हणून तो त्यांचा राजा. आरवलीला या, देवळात केळ्यांचे घड आणि हे एवढाले चामड्याचे जोड वाहिलेले बघा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने नवस फेडायला येतात माणसं. माझ्या वडिलांनी वाहिलेला जोड मी लहानपणी दोन्ही हातांनी उचलायला गेलो होतो, उचलला नाही. आणि तुम्ही त्याला कुठल्या इंग्रजी कादंबरीतल्या पोरखेळात बसवताय. आमच्या वेतोबाक भुतांच्या पंगतीत बसवू नकात.

पेडणेकार

गोव्यात बेताळाची देवळं आहेत, लोलयेला आहे, आमोण्याला आहे. देव तो देवच. पण देवचाराचं काय करायचं? तो आमच्याकडे बांधावर असतो, त्याला रोट आणि विडी ठेवतात, आणि आजोबा त्याला कधी देव म्हणाले नाहीत, कधी भूतही म्हणाले नाहीत. “तो” म्हणायचे.

आरवलीकर

राखणदार म्हणा. तेवढं तरी म्हणा.

पेडणेकार

राखणदार तर म्हणतोच. पण वाटेत आडवा आला तर राखणदारालासुद्धा माणूस घाबरतोच ना?

कोकणकडा

हेच म्हणतोय मी कधीचा!

आरवलीकर

तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही “भुतं नोकरीला” म्हणालात. वर जाऊन वाचा स्वतःचं.

धारपभक्त

धागा पोर्टलंड रोवरून आरवलीला पोचला, आनंद आहे. मला मात्र वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. आमच्या घराजवळच्या लायब्ररीत नारायण धारपांच्या पुस्तकांना प्रतीक्षायादी असायची. त्यांच्या कथांमधले भुतांशी लढणारे समर्थ आणि त्यांचे अप्पा जोशी येणार म्हटलं की आम्ही पोरं काउंटरवरच्या काकांना मस्का मारायचो. ती लायब्ररी गेली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि आपण इथे कुणा स्ट्राउडच्या भुतांवरून हमरीतुमरीवर आलोय. समर्थांच्या एका नखाची सर नाही त्या लॉकवूडला. पण इंग्रजीत आलं की ती ‘कलाकृती’, मराठीत असलं की ‘भुताच्या पुस्तकांचा गल्लाभरू धंदा’. आयुष्यभर धारपांना समीक्षकांनी दारात उभं केलं नाही.

मंजिरी_ठाणे

काका, धारप मीही वाचलेत, चोरून, गादीखाली ठेवून, कारण ते मोठ्यांसाठी होते. तोच तर प्रश्न आहे. मतकरींनी लहानांसाठी ‘अलबत्त्या गलबत्त्या’ लिहिलं आणि मोठ्यांसाठी ‘गहिरे पाणी’. मधल्या वयाच्या पोरांसाठी, ज्यांना चेटकीण आता हास्यास्पद वाटते आणि लग्नबाह्य संबंधांतून होणारे सूड अजून कळत नाहीत, त्यांच्यासाठी मराठीत भुताची रहस्यकादंबरी हातात ठेवायची तर मी कुठली ठेवू? समर्थ सगळं आधीच जाणून असतात. त्यांच्यासमोर आपण भक्त. ल्यूसी चुकते, घाबरते, घर पेटवते.

आणि परक्या भुतांचा विटाळ धारपांना तरी कुठे होता? ‘लुचाई’ सरळ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे.

धारपभक्त

बेतलेली आहे आणि मुळापेक्षा सरस आहे.

निशाचर

इथे मी काकांच्या बाजूने. ‘लुचाई’ वाचून मी रात्री खिडकीला पाठ करून झोपत नसे. लॉकवूड वाचून मी शांत झोपलो. केस बंद.

धारपभक्त

तुमच्या पाठिंब्याची गरज नव्हती, पण ठीक आहे.

डॉ_शंका

सगळा धागा वाचला आणि डोकं धरून बसलो. वर कुणीतरी २०१३ साल सांगितलं म्हणून आठवण करून देतो. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. आणि आपण सुशिक्षित माणसं चिखलाचा कोयता बाळंतिणीजवळ ठेवण्याच्या गोष्टी गहिवरून सांगतोय. धनुर्वाताचं काय? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना “मोठ्यांना दिसत नाही ते तुम्हाला दिसतं” असं पाचपाच पुस्तकं भरून सांगायचं आणि मग ती एखाद्या बाबाच्या नादी लागली की रडायचं.

कोकणकडा

सुईणीने कोयता धुऊनच घेतला शेवटी, उकळत्या पाण्याने. ती तुमच्याच पक्षाची होती. आत्या आज सत्तरीची आहे आणि रोज फिरायला जाते.

चहा_बिनसाखरेचा

डॉक्टर, पुस्तक वाचलंयत का? त्यात जॉर्ज नावाचा मुलगा आहे. जाडगेला, चश्मा, आंघोळीचा कंटाळा. त्याचं काम काय, तर जुनी वर्तमानपत्रं आणि कागदपत्रं धुंडाळून त्या घरात कोण राहत होतं, कोण कधी मेलं ते काढायचं. शीन रोडला तो कागद तपासून येईपर्यंत लॉकवूड थांबत नाही, ल्यूसीला घेऊन तसाच आत शिरतो, आणि म्हणून सगळा सत्यानाश होतो. साठ हजार पौंडांचा दंड पडतो तो पुरावा न तपासल्याचा. यापेक्षा अंनिसला काय हवं?

आणि “मोठ्यांना दिसत नाही” याबद्दल. आम्ही वसतिगृहात होतो तेव्हा पिण्याच्या पाण्याला वास यायला लागला. आधी दोघीतिघींना आला, मग मजल्यावरच्या सगळ्यांना. रेक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, घरी फिल्टरचं पिता म्हणून नखरे. त्यांनी आमच्यासमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. त्यांना खरंच वास येत नव्हता, की येत असून प्यायल्या, हे मला अजून कळलेलं नाही. मुली आजारी पडायला लागल्यावर टाकी उघडली, तर आत मेलेलं कबुतर, फुगलेलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली: “विद्यार्थिनींनी टाकीचे झाकण उघडे ठेवू नये.” टाकी गच्चीवर, गच्चीला कुलूप, किल्ली बाईंकडे.

जेकब्स चौकशीतून सुटतो ते पान मी वाचलं तेव्हा मला ती नोटीस दिसली, खालच्या सहीसकट. मला भुताखेतांत काडीचा रस नाही. हे पुस्तक मला आवडण्याचं कारण ते कबुतर आहे.

निशाचर

कबुतराची गोष्ट भयंकर आहे, आणि खरं सांगायचं तर स्ट्राउडपेक्षा चांगली सांगितलीत.

पण मुद्दा बघा. “पोरं शहाणी, मोठे बिनडोक” हे त्या वयाला आवडणारच. किशोरांसाठीच्या बहुतेक कादंबऱ्या याच भांडवलावर चालतात. मी अकरावीला गणित शिकवतो. पोरांना आमच्यापेक्षा जास्त दिसतं, जास्त ऐकू येतं, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या वर्गात एक तास येऊन बसावं. त्यांना एकच आवाज ऐकू येतो, मधल्या सुट्टीच्या घंटेचा. आणि मला एकच प्रश्न ऐकू येतो, “सर, हे परीक्षेला आहे का?” मुलांची खुशामत करणारं पुस्तक मुलांना आवडलं, यात पुस्तकाचं काय कर्तृत्व?

मंजिरी_ठाणे

खुशामत? लॉकवूडचा उतावळेपणा घर जाळतो. जॉर्ज चिडका आणि खोचक आहे. ल्यूसी अ‍ॅनाबेलचं लॉकेट मृतदेहाजवळून उचलते आणि सांगत नाही, आणि त्यामुळे भूत थेट त्यांच्या घरात येतं. तिघांनाही एकमेकांचं ऐकायची सवय लागेपर्यंत निम्मं पुस्तक जातं. आणि इन्स्पेक्टर बार्न्स बिनडोक मुळीच नाही. तो म्हणतो की तुमच्यावर कुणीतरी जबाबदार मोठा माणूस हवा, आणि शीन रोडनंतर त्याचं म्हणणं खोडायला लॉकवूडकडे काही नसतं. लेखकाने पोरांच्या बाजूने उभं राहूनही त्यांचे कान धरलेत.

तुमच्या वर्गातल्या पोरांबद्दल काही बोलत नाही. ती इथे येऊन वाचतील.

निशाचर

वाचू देत. परीक्षेला नाही हे.

कोकणकडा

आता मी माझ्याच बाजूविरुद्ध बोलतो, कारण फवारणीचा निशाचर यांचा टोमणा मला खुपत राहिलाय. आमच्या नियमांत आणि त्या नियमांत एक फरक आहेच. आमच्याकडे भुताशी व्यवहार असतो. तू वाट सोड, मी नारळ देतो. तू राखण कर, मी चपला देतो. (आरवलीकर, इथे मी राखणदाराबद्दल बोलतोय, शांत व्हा.) मुंजाचं लग्न लावून देतो म्हणणारे महाभाग आहेत. स्ट्राउडच्या लंडनमध्ये एवढी वर्षं मेलेले परत येतायत आणि कुणी त्यांना विचारत नाही की बाबा तुला हवंय काय. सापडला सोर्स की टाक भट्टीत. आणि सगळ्यात गब्बर कोण झालं, तर फेअरफॅक्स, लोखंड विकून. खुनी तोच आणि लोकांच्या भीतीवर कारखाने चालवणाराही तोच. हा भाग मला फार जमलेला वाटला.

उगाच_आलो

परत!!! परत तेच नाव!!!

कोकणकडा

तुम्हाला कळलेलंच होतं ना आता?

मंजिरी_ठाणे

कोकणकडा, “कुणी विचारत नाही” म्हणता, पण ल्यूसीचं सगळं वेगळेपण तेच आहे. बाकीचे बघतात आणि वार करतात, ती ऐकते. अ‍ॅनाबेल वॉर्डचा सूड पुरा होतो तो कुणी जाळी टाकली म्हणून नव्हे, ल्यूसीने तिचं ऐकलं म्हणून. पहिल्या भागाच्या शेवटी जॉर्जच्या बरणीतली कवटी तिच्याशी बोलायला लागते, आणि तिथून पाचव्या भागापर्यंत, म्हणजे २०१७ च्या ‘द एम्प्टी ग्रेव्ह’पर्यंत, हाच प्रश्न चालतो: मेलेल्याचं ऐकायचं का, आणि ऐकलं तर किती विश्वास ठेवायचा. लॉकवूडला ते पसंत नाही, धोका वाटतो, आणि त्याचंही बरोबर आहे.

निशाचर

कवटी बरी आहे. हे मी देतो तुम्हाला. तिरसट, खोटारडी, कुणाची भीड न ठेवणारी. मालिकेतलं सगळ्यात जिवंत पात्र मेलेलं आहे यावर लेखकाने विचार करावा.

लंडनस्थ

मी इथेच राहते म्हणून सांगते, शीन रोड खरोखर आहे, रिचमंडमध्ये. पुस्तक वाचून मुद्दाम गेले होते. शांत रस्ता, बसगाड्या, कुत्री फिरवणारी माणसं. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने प्रत्येक घराच्या धुराड्याकडे संशयाने बघितलं आणि एका बाईंनी आमच्याकडे.

माझं दुःख निराळं. जानेवारी २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली, आठ भाग, पहिल्या दोन पुस्तकांवर. घरात तिघांनी मिळून बघितलेली ती शेवटची गोष्ट. त्यानंतर चिरंजीवांनी खोलीचं दार लावून घेतलं ते वयामुळे. रूबी स्टोक्सची ल्यूसी काय सुरेख होती. मे महिन्यात जाहीर झालं, पुढे नाही. बंद. ही तर चाललेली मालिका होती हो! ज्यांनी निर्णय घेतला त्यांना काहीतरी दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं त्यांना कुणी विचारलं नाही. मंजिरी, तुमच्या मुद्द्याला हा माझा पुरावा जोडा.

निशाचर

नेटफ्लिक्सचे अधिकारी म्हणजे जेकब्स. आता फक्त महापालिका राहिली.

चहा_बिनसाखरेचा

महापालिकेवर वेगळा धागा आहे, तिथे या, पाण्याच्या टाक्यांवरच चाललंय.

आरवलीकर

मी ते पुस्तक भाचीकडून आणून पहिली पंचवीस-तीस पानं वाचली. वाईट नाही. पण एक सांगतो, एवढी भुतं माजली असताना अख्ख्या लंडनला एक राखणदार नाही, हे त्या गावाचं दुर्दैव. सगळा भार पोरांवर. मोठ्यांनी देवाकडे काही मागितलं तरी का, याचा एका ओळीचाही उल्लेख अजून आला नाही. पुढे येत असेल तर सांगा, नाहीतर परत करतो.

कोकणकडा

येत नाही. तरी परत करू नका.

धारपभक्त

समर्थ असते तर पाचव्या पानावर प्रश्न मिटला असता.

मंजिरी_ठाणे

तेच तर म्हणतेय काका.

उगाच_आलो

संपवलं काल रात्री. खुनी कोण हे निशाचर यांच्या कृपेने माहीत असताना.

आता माझं ऐका. फेअरफॅक्स पोरांच्या घरी येऊन बसतो, गोड बोलतो, हवेलीत फ्लेअर नकोत म्हणतो, तेव्हा माहीत नसणाऱ्याला तो नुसता विक्षिप्त म्हातारा वाटत असेल. मी मात्र त्या पानावर “नाही म्हण, नाही म्हण” करत होतो. मग त्या हवेलीतली ती लाल खोली. छतातून गळणारं ते रक्त हळूहळू जमिनीवर पसरत येतं आणि तिघांना उभं राहायला जागा कमी कमी होत जाते, आणि त्यांना तिथे कुणी आणि का पाठवलंय ते मला माहीत आहे, त्यांना नाही. घाम फुटला. निशाचर, तुम्हाला भीती कशी वाटली नाही हे मला खरंच कळत नाही. तुम्ही खुनी ओळखला त्या आनंदात पुढचं भराभर वाचलंत असा माझा संशय आहे.

याचा अर्थ रहस्य फोडलंत ते बरं केलंत असा कुणी काढू नये. दुसरा भाग, ‘द व्हिस्परिंग स्कल’, मागवलाय. तो हातात पडून वाचून होईपर्यंत या धाग्यावर कुणीही कोण मरतं, कोण मारतं, एक अक्षर लिहायचं नाही.

निशाचर

लाल खोली पुन्हा वाचून बघतो. रात्री वाचेन, म्हणजे तक्रार नको.

पुढे रहस्यभेद आहे: दुसऱ्या भागातली कवटी आधीच मेलेली असते.